खालच्या ओळीतलं नाव

पगार वाढवून मागायचा हे लिंबाजीनं दिवाळीतच ठरवलं होतं. पण प्रेसचे मालक किशनराव यांच्या टेबलापाशी गेलं की तो शाई संपत आल्याचं नाहीतर रोलर घासल्याचं काहीतरी बोलायचा आणि परत मशीनपाशी यायचा. परभणीच्या मोंढ्यामागच्या बोळात, पत्र्याखाली, त्या प्रेसमध्ये त्याला एकोणीस वर्षं झाली होती. आला तेव्हा रद्दी बांधायचा. पुढं ऑफसेट मशीन शिकला, आणि आता नुसत्या आवाजावरून कागद कुठं अडकणार ते त्याला आधी कळायचं. रोज संध्याकाळी रॉकेलच्या बोळ्यानं हात घासायचा, तरी नखांतली शाई जात नव्हती. भाकरीलाही तो वास लागायचा.

महिन्याचे तेरा हजार मिळायचे. नगद, दहा तारखेला, पाकिटात. अर्पिता, त्याची थोरली, या वर्षी नर्सिंगला लागली. परभणीतच तीन पोरींत एक खोली, वर डबा, वर पुस्तकं. तिचेच सहा-साडेसहा हजार जायचे. पेडगावच्या पुढं, आतल्या रस्त्यावर त्याचं गाव. तिथून टमटमचं जाणं-येणं, गॅस, किराणा, धाकट्याची शाळा. पगार वीस तारखेपर्यंत कसाबसा पुरायचा. पुढचे दहा दिवस बायकोच्या, दैवशालाच्या रोजावर चालायचे.

शेवटी संक्रांतीच्या आधी तो बोललाच.

"मालक, औंदा काहीतरी बघा की. लेकीचं लय व्हायलंय."

किशनरावांनी चष्मा वर केला. "लिंबाजी, मी का तुला कमी द्यायलो? इथला भाव हाय तेवढा देतो. मानवतला मशीनवाल्याला अकरा देतेत. औरंगाबादला जा, अठरा. पुण्याला जा, पंचवीस. जातूस?"

"तसं न्हाई मालक."

"मंग कसं?"

लिंबाजी मागं फिरला. मशीनवर पत्रिकांचा ढीग थांबला होता.

पुण्याचं त्याला ठाऊक होतं. दैवशालाचा भाऊ रविकांत तिकडं खोके छापायच्या कारखान्यात होता. सव्वीस हजार पगार. दर सणाला फोनवर तेच म्हणायचा, "दाजी, या इकडं. खोलीला साडेआठ जातेत, पाणी बी इकत घ्यावं लागतंय, हाती तेवढंच ऱ्हातंय म्हणा. पण पगाराची चिठ्ठी मिळती. फंड कापतेत. दवाखान्याचं कार्ड हाय. उद्या बोट गेलं तर इचारणारं कुणी हाय." लिंबाजी हसून फोन दैवशालाकडं द्यायचा. चाळीस पार करून परक्या गावात दुसऱ्याच्या मशीनवर उभं राहायचं, हे त्याला नको वाटायचं.

चार दिवसांनी किशनरावांनीच हाक मारली. समोर खुर्ची सरकवली. एकोणीस वर्षांत लिंबाजी त्या खुर्चीवर बसला नव्हता.

"बस. इचार केला मी. दोन हजार वाढवतो. पंधरा धर ह्या महिन्यापासून."

लिंबाजीच्या छातीत एकदम मोकळं झालं. हात जोडायला तो अर्धवट उठला.

"बस रे. एक काम मातर करावं लागंल. आता माझ्यानं कचेरीत चकरा होत न्हाईत. गुडघे गेले. लहान मशीन तुझ्या नावानं करू. म्हंजी कागदावर. मुद्रक म्हणून तुझं नाव लागंल. एकोणीस वर्सं छापतूस, कुठं नाव हाय का तुझं?"

"न्हाई."

"मंग झालं तर."

दुसऱ्या दिवशी ते दोघं कचेरीपुढच्या अर्ज लिहिणाऱ्याकडं गेले. त्यानं लिहिलेलं वाचून दाखवलं नाही आणि लिंबाजीनं विचारलं नाही. त्यानं सात ठिकाणी सह्या केल्या. सातव्या सहीच्या वेळी किशनराव फोनवर बोलत बाजूला गेले, तेव्हा अर्ज लिहिणारा हळूच म्हणाला, "प्रेस घेतला का तुमी?"

"न्हाई न्हाई, कामाला हाव मी."

त्या माणसानं त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं आणि शाईची डबी पुढं केली. "अंगठा बी लावा."

दैवशाला तुरीच्या कापणीवरून आली होती. खराट्यासारख्या खोडांनी तिची मनगटं ओरबाडली होती. चुलीपुढं बसून ती त्यावर खोबरेल लावत होती. दोन हजार वाढले हे ऐकून ती हसली. पुढचं ऐकलं तेव्हा तिचा हात थांबला.

"मालक कवापासून नाव वाटायलाय?"

"अगं, म्हातारा झालाय त्यो."

"म्हातारा झाला तर पोराच्या नावानं करंल. पोरगा हाय की त्येचा नांदेडला. तुमच्या कामून?"

"तुला चांगलं कायी दिसतंच न्हाई."

तिनं परात पुढं ओढली. भाकरी थापताना मात्र तिनं दोनदा त्याच्याकडं पाहिलं.

पंचायत समितीची निवडणूक लागली आणि प्रेसला दम खायला फुरसत राहिली नाही. सकाळी आठला गेलेला लिंबाजी दिवस मावळेपर्यंत मशीनपुढं उभा असायचा. पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. निवडणुकीच्या प्रत्येक कागदाखाली बारीक अक्षरात एक ओळ छापावी लागते. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, प्रती किती. त्या ओळीत आता त्याचं नाव यायचं. पहिल्या दिवशी त्यानं एक पत्रक घडी करून खिशात घातलं आणि घरी धाकट्याला दाखवलं. पोरानं बोट ठेवून वाचलं, "मुद्रक, लिंबाजी सोपानराव ढगे." लिंबाजीनं ते पुन्हा वाचायला लावलं.

मतदानाला सहा दिवस राहिले होते तेव्हा योगीराज आला. लिंबाजीच्या गावच्या गणात, म्हणजे मतदारसंघात, उभ्या असलेल्या एका उमेदवाराचा तो माणूस. पांढरी गाडी बोळात मावत नव्हती तरी त्यानं ती दारापर्यंत आणली. किशनरावांशी तो उभ्या उभ्याच बोलला. मग तयार प्लेट लिंबाजीच्या हातात आली. अक्षरं बाहेरून जुळवून आणली होती.

लिंबाजीनं प्लेट चढवली, शाई धरली, दहा-बारा कागद सोडले आणि रंग बघायला एक उचलला.

कागद बबिताबद्दल होता.

बबिता त्याच्याच गावची. शिकलेली, बचत गट चालवणारी. दैवशाला तिच्याच गटात होती. सहा वर्षांखाली तिचा नवरा विहिरीत गेला. मोटारीच्या पाइपाचं फुटबॉल, म्हणजे तळाची झडप, अडकलं म्हणून पाण्यात उतरला होता. खाली हात घातला आणि वर कुणीतरी मोटार सुरू केली. तार उघडी होती. तो पाण्यातच गेला. तेव्हापासून तिनं सासूला सांभाळलं, दोन लेकरं वाढवली, आणि या वेळी गावातल्या बायांनीच तिला उभं केलं होतं.

कागदावर मोठ्या अक्षरात होतं : *स्टार्टर कोणी दाबला? गावाला माहीत आहे. मतदारांनी विचारावं.* खाली एका माणसाचं नाव न घेता बरंच काही लिहिलं होतं. रात्री-अपरात्री कोण येतं, कुणाची मोटारसायकल कुठं उभी असते, विम्याचे पैसे कुणी कुठं लावले. प्रकाशकाच्या जागी लिहिलं होतं, एक हितचिंतक. प्रती एक हजार. मुद्रक, लिंबाजी सोपानराव ढगे.

त्यानं मशीन बंद केलं.

"मालक, हे न्हाई जमायचं. ही आमच्या गावची बाई हाय."

किशनराव टेबलावरून उठले नाहीत. "आपण छापणारे हाव. लिहिणारे हाव का?"

"पण नाव माझं हाय खाली."

"नाव असलं की कागद कायद्यात बसतो. बिननावाचा धरला तर सगळ्यांनाच भारी पडंल."

"मंग तुमचं घाला की."

योगीराज दारात फोन बघत होता, त्यानं मान वर केली.

किशनराव सावकाश बोलले. "लिंबाजी, मानवतचा एक पोरगा रोज फोन करायलाय. अकरात यायला तयार हाय. मी त्याला म्हणालो, आमच्याकडं माणूस हाय. जुना माणूस हाय. काय सांगू त्याला?"

लिंबाजीच्या तोंडात रॉकेलची चव आली. अर्पिताच्या खोलीचं भाडं पाच तारखेला होतं. त्यानं कोपऱ्यातल्या रबराकडं पाहिलं. प्लेटवरची ओळ खोडायला दोन मिनिटंही लागली नसती. पण योगीराज आता आत आला होता आणि मशीनला टेकून उभा होता.

त्यानं बटण दाबलं. एक हजार लिहिलेल्या कागदाच्या आठ हजार प्रती निघाल्या. त्या दिवशी मशीन एकदाही अडकलं नाही. कागद सरसर सरसर पडत राहिले आणि त्याला वाटलं, एकदा तरी अडकावं.

घरी त्यानं काही सांगितलं नाही. जेवलाही नाही नीट.

तिसऱ्या दिवशी दैवशाला दुपारीच घरी आली. डोक्यावरचा रुमाल सोडला नव्हता. मालकानं लिंबाजीला आपणहून सुट्टी दिली होती, तो ओट्यावर बसून चप्पल शिवत होता. तिनं विळा कोपऱ्यात ठेवला आणि पदरातून एक कागद काढून त्याच्या पुढं टाकला.

"सकाळी सगळ्या घरांच्या उंबऱ्यावर होते. मी तुरीत गेले तर बाया बोलंनात. बबिताच्या गटाच्या बाया त्या. माझी वळ मागं राहिली तर कुणी थांबंना. दोन वळी पुढं गेल्या मला सोडून. मी म्हटलं, काय झालं गं? तर पंकजानं ह्यो कागद हातात दिला. म्हणली, वाच, खालनं वाच."

त्यानं चप्पल खाली ठेवली.

"मी म्हणाले, त्येंच्या नावाचं दुसरं कुणी आसंल. तवा त्या हसल्या." तिनं डोक्यावरचा रुमाल ओढून काढला. "आसंल का हो दुसरं कुणी?"

"मालकानं..."

"मालकाचं नाव कुठंय ह्येच्यात?"

तिनं कागद उचलून त्याच्या तोंडासमोर धरला. त्याला मान फिरवता आली नाही. शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं होतं. कुणीतरी कवाड ओढून घेतल्याचा आवाज आला.

तासाभरानं तलाठ्याचा माणूस आला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तहसीलला यायचं. बबितानं तक्रार केली होती.

दुसऱ्या दिवशी तो आधी प्रेसवर गेला. दार अर्धं ओढलेलं होतं. आत त्याच्या मशीनवर एक कोवळा पोरगा, मानवतचाच असावा, रोलर पुसत होता. चुकीच्या बाजूनं पुसत होता. लिंबाजीला ते बघवेना.

"मालक, तहसीलचं बोलावणं आलंय. चला माझ्या संगं. तुमी सांगा काय ते."

किशनरावांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. आवाज मऊ होता. "मी काय सांगू लिंबाजी? मशीन तुझं. काम तू घेतलंस."

"मी घेतलं?"

"कागद तसाच बोलतो. आणि हे बघ, मला त्याच्यात वढू नको. वढलंस तर वकिलाचं तुलाच बघावं लागंल. गुमान राहिलास तर दंडाचं मी बघतो."

"एकोणीस वर्सं झाली मालक."

"म्हणूनच दोन हजार वाढवले हुते ना," किशनराव म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

तहसीलच्या पोर्चमध्ये बबिता उभी होती. साधी सुती साडी, हातात फायलीची पिशवी. गावातले चार-पाच जण तिच्या मागं होते. लिंबाजी दिसताच ते पुढं सरकले. तिनं हात आडवा धरला.

"लिंबाजीभाऊ," ती म्हणाली, "बाकीच्यांचं मला म्हायतंय. त्येंनी नाव लपवलं. तुमी न्हाई लपवलं. कामून, येवढंच सांगा."

ती क्षणभर थांबली आणि आत गेली.

आतल्या साहेबानं त्याला बसवलं. तरुण होता, उगाच ओरडत नव्हता. त्यामुळंच लिंबाजीला जास्त भीती वाटली.

"प्रेस तुमचा?"

"न्हाई साहेब. कामाला हाव मी. एकोणीस वर्सं."

"कागदावर मशीन तुमच्या नावावर आहे. सात सह्या आहेत. तुम्ही कामगार आहात हे कशावरनं? पगाराची पावती?"

"न्हाई."

"हजेरीचं रजिस्टर? फंड? बँकेत पगार येतो?"

"पाकिटात देतेत साहेब. नगद."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही तिथं एकोणीस वर्षं काम केलंत, हे एका कागदानंही कळत नाही."

लिंबाजीनं टेबलावर आपले दोन्ही हात उताणे ठेवले. का ठेवले ते त्यालाही कळलं नाही. नखांत शाई होती. साहेबानं हातांकडं पाहिलं, मग नजर वळवली. "जबाब लिहून द्या. जे झालं ते. नाव घ्यायचं असेल तर घ्या. पण गुन्हा पहिला तुमच्यावरच दाखल होईल, हे सांगून ठेवतो."

त्यानं किशनरावांचं नाव लिहिलं. योगीराजचं लिहिलं. आठ हजार प्रतींचं लिहिलं. लिहायला त्याला तास लागला. आयुष्यभर अक्षरं छापली, पण स्वतःच्या हातानं एवढं कधी लिहिलं नव्हतं. शेवटी त्यानं लिहिलं, *छापले मीच.* खाली सही केली.

टमटममध्ये गावाकडं येताना त्याच्या शेजारची जागा पेडगावपर्यंत रिकामी राहिली. माणसं मागं लटकून आली.

दैवशाला दारातच उभी होती. झालं ते तिनं ऐकून घेतलं. प्रेस सुटला हे त्यानं वेगळं सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

"चला," ती म्हणाली.

"कुठं?"

"बबिताच्या घरी. उजेड हाय तवर. उद्या गाव म्हणंल, तोंड लपवून बसला."

"मारतील मला."

"मारतेत तर मारूद्या."

गल्लीतून ती पुढं चालली. ओट्यांवरची माणसं बोलायची थांबत होती. पाराजवळ एका पोरानं मोठ्यानं वाचल्यासारखं केलं, "मुद्रक!" आणि दोघं-तिघं हसले. दैवशालानं मान वळवली नाही.

बबिता अजून परभणीहून आली नव्हती. अंगणात तिची सासू, नर्मदाबाई, तुरीच्या शेंगा झोडपत होती. सत्तरीची म्हातारी. डोळ्यात मोतीबिंदू. पावलांच्या आवाजावरून तिनं ओळखलं.

"कोन, लिंबाजी व्हय? ये."

तो उभाच राहिला. "काकू, माझ्याकडून लय वाईट झालं."

"काय झालं, तेच मला कुनी सांगंना बघ." तिनं काठी बाजूला ठेवली. कमरेच्या पिशवीतून चौघडी केलेला कागद काढला. "दोन दिस झाले, माणसं यायलेत, कुजबुजायलेत, आन् मी जवळ गेले की गप व्हायलेत. बबिता म्हणती, काय न्हाई आत्या, निवडणुकीचं हाय. नातवानं बी वाचून दावलं न्हाई. तू छापलंस म्हणं. तूच वाच."

लिंबाजीनं दैवशालाकडं पाहिलं. ती खाली बघत होती.

"काकू, नका."

"वाच म्हणलं ना."

त्यानं कागद घेतला. घडीवर शाई उडाली होती, पण अक्षरं शाबूत होती. तो वाचू लागला. पहिली ओळ त्यानं पुटपुटत वाचली. म्हातारी म्हणाली, "मोठ्यानं." त्यानं स्टार्टरचं वाचलं. मोटारसायकलचं वाचलं. विम्याचं वाचलं. मधे एकदा थांबला तर तिनं हातानंच खूण केली, पुढं. त्यानं प्रती एक हजार वाचलं आणि शेवटी स्वतःचं नाव वाचलं.

शेंगांच्या ढिगावर एक कोंबडी चढली होती. म्हातारीनं तिला हाकललं नाही.

"ह्येचं तुला काय मिळालं?"

"पगार वाढवला हुता काकू. महिन्याला दोन हजार."

तिनं मान हलवली. जणू भाव बरोबर आहे का तेच बघत होती. मग ती हात टेकून उठली, चाचपडत त्याच्याजवळ आली आणि त्याच्या दंडाला धरलं. बोटं कोरडी आणि लोखंडासारखी घट्ट होती.

"लाइट आली हुती," ती म्हणाली. "दोन दिसांनी आली हुती. गहू वाळायला लागलेला. मला कुनी सांगितलं न्हाई त्यो खाली उतरलाय म्हणून. मी पळत गेले आन् बटन दाबलं."

दैवशालाच्या तोंडून आवाज निघाला. तिनं पदर तोंडावर दाबला.

"पोलीस आले तवा बबितानं मला घरात कोंडलं. म्हणली, आत्या, तुमी तोंड उघडायचं न्हाई. कुनी दाबलं म्हायती न्हाई, असं तिनं लिहून दिलं. सा वर्सं गाव तिच्याकडं संशयानं बघतंय, आन् ती माझ्या ताटात भाकर वाढती." नर्मदाबाईनं त्याचा दंड सोडला नाही. आंधळे डोळे त्याच्या तोंडावर रोखलेले होते. "मशीन तुझ्या नावानं हाय म्हणत्यात. मंग आता हे छाप. माझं नाव घाल वर, मोठ्या अक्षरात. खाली तुझं घाल. गावात घरं किती हायत तेवढे काढ."

"काकू, मशीन आता..."

"काय?"

दाराशी मोटारसायकल थांबली. बबिता उतरली. पिशवी खांद्याला तशीच. तिनं सासूचा हात बघितला, लिंबाजीच्या हातातला उघडा कागद बघितला, आणि तिला सगळं कळलं. ती धावत आली नाही. फाटकालाच तिनं दोन्ही हातांनी धरलं.

"आत्या," ती म्हणाली, "सांगितलंत?"

"सांगितलं," म्हातारी म्हणाली.